‘मंजुरी मिळाली’ म्हणजे नेमकं काय झालं? ठाण्यातलं एक गटार, अंदाजपत्रक आणि पाठपुराव्याची रीत

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मानपाड्यात, घोडबंदर रोडपासून थोडं आत तुमची सोसायटी आहे. जोराचा पाऊस झाला की फाटकासमोर गुडघाभर पाणी साचतं. दोन वर्षांपूर्वी ‘गटार व रस्त्याच्या कामाला मंजुरी’ अशी बातमी आली, पण काम अजून सुरू झालेलं नाही. नगरसेवकांच्या कार्यालयात ‘फाइल पुढे गेलीय’ म्हणतात, प्रभाग समितीच्या कार्यालयात ‘निधी नाही’ म्हणतात. यातलं खरं कुठलं, महापालिकेच्या बातम्यांवर कितपत विसंबायचं आणि पुढच्या अंदाजपत्रकात हे काम प्राधान्यानं यावं म्हणून सोसायटीनं काय करायचं?

दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. अडचण अशी की महापालिकेच्या कामात पाच-सहा वेगवेगळ्या टप्प्यांना बातमीत ‘मंजुरी’ हा एकच शब्द वापरला जातो. त्यामुळे ‘काम कधी होणार’ असं विचारलं की ‘लवकरच’ एवढंच उत्तर मिळतं. ‘काम आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे आणि त्याचा कागद कुठे आहे’ असं विचारलं तर समोरच्याला तारीख आणि क्रमांक सांगावा लागतो. माझं पुढचं सगळं सांगणं याच एका प्रश्नाभोवती आहे.

टप्पे असे असतात. कनिष्ठ अभियंता जागा पाहून प्राकलन, म्हणजे एस्टिमेट, तयार करतो. त्यातले दर सरकारी दरसूचीतले असतात. मग त्या कामासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची ठरावीक ओळ, आहे का आणि त्यात पैसे शिल्लक आहेत का, यावर लेखा विभागाचा अभिप्राय येतो. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘हे काम करायचं’ असा निर्णय. मग तांत्रिक मंजुरी, म्हणजे संकल्पचित्र आणि परिमाणं बरोबर आहेत अशी वरिष्ठ अभियंत्याची सही. पुढे महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर, निविदा, ती उघडणं, दर स्वीकारणं. आयुक्तांच्या आर्थिक मर्यादेबाहेरचं काम असेल तर निविदेला स्थायी समितीची मान्यता लागते. शेवटी ठेकेदाराकडून सुरक्षा अनामत, करारनामा आणि कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश. कार्यादेश निघाल्याशिवाय ठेकेदार जागेवर येत नाही, आणि त्याआधीच्या कुठल्याही टप्प्यावरून फाइल महिनोन्‌महिने हलत नाही असं होऊ शकतं.

आता बातम्या याच नजरेनं वाचा. ‘महासभेत प्रस्ताव मंजूर’ म्हणजे बहुतेक वेळा धोरणाला किंवा प्रशासकीय मान्यतेला होकार, पैशाची सोय वेगळी बघावी लागते. ‘अंदाजपत्रकात तरतूद’ म्हणजे एका ओळीत रक्कम लिहिली गेली. ‘निविदा काढली’ म्हणजे ठेकेदार मिळालाच असं नाही. एकच बोली आली किंवा दर फार चढे आले तर फेरनिविदा होते आणि दोन-तीन महिने सहज जातात. भूमिपूजनाचा फलक लागला म्हणून कार्यादेश निघाला असंही धरून चालू नका. तुमच्या त्या बातमीत नेमकी कुठली मंजुरी आहे ते मला ठाऊक नाही, आणि सोसायटीनं आधी तेवढंच शोधून काढायचं आहे. ठराव क्रमांक आणि तारीख मिळाली की पुढचा माग काढता येतो.

तो माग काढण्याआधी एक गोष्ट तपासा: हे काम महापालिकेचंच आहे का? घोडबंदर पट्ट्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मुख्य रस्ता, सेवा रस्ता, मेट्रो ४ च्या कामाचा पट्टा आणि आतले रस्ते यांचा धनी एक नाही. सार्वजनिक बांधकाम खातं, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि महापालिका अशा तिन्ही यंत्रणा तिथे येतात, आणि सेवा रस्ते मुख्य रस्त्यात जोडण्याचं काम एमएमआरडीएनं हाती घेतलेलं आहे. तुमच्या फाटकासमोरचा रस्ता हा विकास आराखड्यातला रस्ता आहे की विकासकानं मंजूर लेआउटमध्ये सोडलेला अंतर्गत रस्ता, हे शहर विकास विभागातून विचारून घ्या. अंतर्गत रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल तर त्यावर महापालिकेचा पैसा खर्च करण्यावर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून अभियंता प्राकलनच करत नाही. अशा वेळी ‘निधी नाही’ हे उत्तर खरं कारण न सांगता वेळ मारून नेण्यासाठीही दिलं जातं. हस्तांतरण झालं नसेल तर तुमची पहिली मागणी गटाराची नाही, हस्तांतरणाची असली पाहिजे.

दुसरी तपासणी पाण्याची. मानपाडा हा येऊरच्या डोंगराखालचा भाग. तिथले नाले डोंगरावरून उतरतात, वस्तीतून जातात, घोडबंदर रोडखालच्या मोऱ्यांमधून पलीकडे निघतात आणि पुढे खाडीला मिळतात. पाणी साचण्याची कारणं तिथे ढोबळमानानं तीन, आणि प्रत्येकाचा इलाज आणि पैशाचा खिसा वेगळा.

पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाणी चढतं आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात ओसरतं, असं असेल तर बहुधा जाळ्या, चेंबर किंवा गटार गाळानं भरलेलं आहे. हे देखभालीचं काम, महसुली म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चातलं. नालेसफाईच्या ठेक्यातच ते व्हायला हवं. त्यासाठी नव्या मंजुरीची गरज नाही. पाणी खूप उशिरापर्यंत हटत नसेल आणि वरच्या बाजूला नाला तुडुंब भरून खालच्या बाजूला मोकळा वाहत असेल, तर मोरी अरुंद आहे किंवा आत केबल, जलवाहिन्या, राडारोडा अडकलाय. हे भांडवली, म्हणजे नव्या बांधकामाचं, काम, आणि मोरी मुख्य रस्त्याखाली असेल तर ते महापालिकेचं नसण्याचीही शक्यता. पाणी भरतीच्या वेळेलाच चढत असेल तर कारण खाडीचं आहे. मानपाड्याला हे कमी, पण कोलशेत, कळवा, मुंब्रा, दिवा भागातल्या वाचकांनी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा आणि पाणी साचल्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

हे सगळं ठरवायला अभियंता लागत नाही. फाटकाच्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवा. पाणी चढताना दर पंधरा मिनिटांनी त्या खुणेसह फोटो काढा, फोटोवर तारीख-वेळ येऊ द्या. त्याच वेळी कुणीतरी मोरीच्या दोन्ही तोंडांशी जाऊन फोटो घ्यावा, मात्र काठावरून, पाण्यात उतरून नव्हे. दोन-तीन पावसांची अशी नोंद तुमच्या हातात असेल तर ‘पाहणी करून कळवतो’ यापुढे बोलणं सरकतं, कारण पाहणी तुम्हीच केलेली असते. अभियंता उन्हाळ्यात येतो तेव्हा त्याला कोरडा रस्ता दिसतो.

आणि इथे कळकळीनं सांगतो: पाणी साचतं म्हणून ‘रस्ता काँक्रीटचा करा’ अशी मागणी करू नका. ठाण्यात आणि एकूणच मुंबईच्या आसपास अनेक सोसायट्यांचं नुकसान या मागणीनं झालंय. जुना थर न खरवडता वर नवा थर टाकला की रस्त्याची पातळी चढते, सोसायटीचं आवार खाली राहतं, आणि रस्त्यावर साचणारं पाणी आता थेट वाहनतळात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीत शिरतं. मागणी लिहिताना असं लिहा: ‘अमुक ठिकाणच्या मोरीची वहनक्षमता तपासून ती वाढवणे व त्यास जोडणारे पर्जन्यजलवाहिनीचे काम, रस्त्याची सध्याची पातळी कायम ठेवून.’ शेवटचे पाच शब्द विसरू नका.

आता पैशाकडे. ठाणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ५,६४५ कोटींचं होतं. एवढा आकडा ऐकल्यावर ‘निधी नाही’ हे उत्तर संतापजनक वाटतं, ते मी समजू शकतो. पण यातला मोठा भाग पगार, निवृत्तिवेतन, पाणी, कचरा, वीज, परिवहनचं अनुदान आणि आधीच्या कामांची बिलं यांत जातो. जकात आणि नंतर एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर महापालिकेला जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दर वर्षी ८ टक्के वाढ असं कायद्याचं सूत्र आहे. म्हणजे शहर कितीही वाढलं तरी या मोठ्या उत्पन्नाचा वेग ठरलेला. नवीन कामांसाठी मोकळी रक्कम जी उरते तिच्यावरच सगळ्यांची ओढाताण चालते.

अंदाजपत्रकाचं पुस्तक हाती आलं की मी आयुक्तांचं भाषण शेवटी वाचतो. आधी रकाने बघतो. प्रत्येक ओळीला साधारण असे आकडे असतात: मागच्या एखाद-दोन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचं मूळ अंदाजपत्रक, चालू वर्षाचं सुधारित अंदाजपत्रक आणि पुढच्या वर्षाचा प्रस्ताव. समजा, ‘पर्जन्यजलवाहिन्या बांधणे, माजिवडा-मानपाडा’ अशी एक ओळ आहे. मूळ तरतूद २ कोटी, सुधारित २० लाख, पुढच्या वर्षी पुन्हा २ कोटी. याचा अर्थ काम वर्षभर हललंच नाही, पैसे दुसरीकडे वळवले, आणि तीच घोषणा नव्यानं होणार आहे. उलट मूळ १ कोटी आणि सुधारित दीड कोटी असेल तर काम खरोखर चाललंय. घोषणा किती खरी हे पाहायला मूळ आणि सुधारित या दोन रकान्यांमधला फरक पुरतो, दुसरं काही शोधावं लागत नाही.

काही ओळींपुढे अगदी छोटी रक्कम दिसते, लाखभर किंवा त्याहून कमी. ही लाक्षणिक तरतूद. लेखाशीर्ष जिवंत ठेवायचं, वर्षात कुठून पैसा आला तर पुनर्विनियोजनानं, म्हणजे दुसऱ्या ओळीतून वळवून, त्यात टाकायचा, एवढाच तिचा हेतू. ती दिसली की ‘आमचं काम बजेटमध्ये आलं’ म्हणून निवांत होऊ नका. आणि दायित्व हा शब्द शोधा. आधी दिलेल्या कार्यादेशांची न भागलेली बिलं म्हणजे दायित्व. ओळीत २ कोटी आहेत आणि त्याच लेखाशीर्षावर पावणेदोन कोटींची जुनी बिलं थकलेली आहेत, तर नव्या कामासाठी २५ लाख उरतात. तुमच्या प्रभाग कार्यालयातला माणूस ‘निधी नाही’ म्हणतो तेव्हा अनेकदा त्याला हेच म्हणायचं असतं. त्याला पुढचा प्रश्न विचारा: ‘लेखाशीर्ष कुठलं, तरतूद किती, दायित्व किती?’ तीन आकडे मिळाले की उत्तर खरं की टाळाटाळ ते कळतं.

शिवाय पैसा फक्त महापालिकेच्या उत्पन्नातूनच येतो असं नाही. ठाण्यातल्या २८२ रस्त्यांसाठी राज्य सरकारनं ६०५ कोटी दिले होते. आमदार-खासदारांच्या निधीतली कामं जिल्हाधिकाऱ्यांकडून मंजूर होतात आणि महापालिका ती फक्त करते. तुमच्या बातमीतली ‘मंजुरी’ अशा निधीतली असेल तर प्रभाग समितीला तिची खबर नसणं शक्य आहे, तिथे खेपा घालण्यात अर्थ नाही. म्हणून बातमीत निधी कुणाचा हे आधी वाचा.

आता प्राधान्यक्रम. बहुतेक सोसायट्या अंदाजपत्रक जाहीर झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये निवेदन देतात. तेव्हा उशीर झालेला असतो. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. करांचे दर महासभेनं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, आणि त्याआधी आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीसाठी तयार होत असतं. त्याच्याही आधी प्रत्येक विभाग आपल्या मागण्या लेखा विभागाकडे पाठवतो. म्हणजे कनिष्ठ आणि उपअभियंत्याच्या यादीत तुमचं काम दिवाळीच्या आसपास असायला हवं. त्यासाठी पाहणी आणि कच्चं प्राकलन पावसाळा संपता संपता झालं पाहिजे. पाणी साचल्याचे फोटो तेव्हा ताजे असतात, हा वेगळा फायदा. माझा सल्ला: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्र, ऑक्टोबरात संयुक्त पाहणी, नोव्हेंबरात प्राकलनाची रक्कम विचारणं.

पत्र कुणाला? ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, तुमची माजिवडा-मानपाडा. पत्र सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला आणि प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना. ‘सगळ्या’ असं मुद्दाम म्हणतो. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ठाण्यात १३१ जागा ३३ प्रभागांत होत्या, एक वगळता सगळे चार सदस्यांचे. म्हणजे तुम्हाला एक नगरसेवक नाही, चार आहेत. अ, ब, क, ड या जागा आरक्षणासाठी असतात, प्रभागाचे तुकडे नव्हेत. चौघंही अख्ख्या प्रभागाचे प्रतिनिधी. एकाकडे गेल्यावर ‘तो भाग त्यांचा’ असं उत्तर आलं तर नम्रपणे सांगा की कायद्यात असा भाग पाडलेला नाही. चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर चौघांच्या शिफारसपत्रांना आणखी वजन येतं.

मार्च २०२२ पासून ते या निवडणुकीपर्यंत ठाण्यात प्रशासक होते. महासभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार आयुक्तांकडेच होते. तुमची दोन वर्षांपूर्वीची मंजुरी त्या काळातली आहे, म्हणून ती प्रशासकीय ठरावाच्या नोंदीत शोधा, सभेच्या इतिवृत्तात मिळणार नाही. आता सोळा सदस्यांची स्थायी समिती आणि प्रभाग समित्या पुन्हा कामाला लागल्यावर दाद मागायच्या जागा वाढतात.

यात प्रभाग समितीकडे लोकांचं लक्षच जात नाही, याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९ अ मध्ये तिला दोन कामं दिलेली आहेत जी तुम्हाला थेट उपयोगी आहेत. एक, प्रभागांशी संबंधित खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यांचा विचार करून शिफारस करणं. दोन, अंदाजपत्रकात तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामांना प्रशासकीय मान्यता आणि वित्तीय मंजुरी देणं. दोन जाळ्या बदलणं, पाच-सहा चेंबर दुरुस्त करणं, तीस-चाळीस मीटर गटाराची डागडुजी अशी कामं या मर्यादेत बसू शकतात, मुख्यालयापर्यंत फाइल न्यायची गरज नाही. त्याच समितीवर परिसरातल्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमण्याची तरतूदही आहे. तुमच्या नगरसेवकांना सरळ विचारा: ‘ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या प्रभाग समितीच्या बैठकीत आमचा विषय विषयपत्रिकेवर घ्याल का?’ तो घेतला गेला की इतिवृत्तात नोंद होते, आणि पुढे कुणीही ‘असं काही आलंच नव्हतं’ म्हणू शकत नाही.

पत्र एका पानाचं असू द्या. एक विषय, एक जागा. ठिकाणाची खूण, कुठून कुठपर्यंत किती मीटर, पाणी किती सेंटिमीटर आणि किती वेळ, किती घरं आणि कोणती शाळा-दवाखाना अडकतो, मागणी काय, सोबत फोटो आणि नकाशावर खूण. रस्ता, पाणी, फेरीवाले, भटकी कुत्री सगळं एकाच पत्रात कोंबलं की ते चार विभागांत फिरत राहतं. आवक-जावक कक्षात दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सोसायटीच्या ठरावाची प्रत जोडली तर आणखी चांगलं. आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी हेच पत्र आपापल्या लेटरहेडवर द्यावं; एकाच पत्राखाली तीनशे सह्या घेण्यापेक्षा चार स्वतंत्र आवक क्रमांक अधिक उपयोगाचे ठरतात.

पुढे माहितीचा भाग. माहिती अधिकाराचा अर्ज टाकण्याआधी सोमवार वापरा. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला द्यायचे आहेत. जाताना विषय लिहिलेला कागद न्या: ‘अमुक रस्ता-गटार कामाची नस्ती, प्राकलन, टिपणी’. नस्तीतल्या, म्हणजे फाइलमधल्या, टिपणीच्या पानांवर कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला काय शेरा पडला ते सगळं असतं. फाइल कुठे अडली हे तिथे अर्ध्या तासात दिसतं, तोंडी विचारपूस वर्षभर केली तरी दिसत नाही.

तिथे टोलवाटोलवी झाली तर अर्ज. फी दहा रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत, असा महाराष्ट्राचा नियम आहे. ‘काम का झालं नाही’ असा प्रश्न विचारू नका. कारणं देणं हे जनमाहिती अधिकाऱ्याचं काम नाही, असं सांगून अर्ज निकाली काढतात. कागद मागा: प्रशासकीय मान्यतेची प्रत, प्राकलनाची प्रत, लेखा विभागाच्या अभिप्रायाची प्रत, निविदा काढली असल्यास तिची तारीख आणि कार्यादेशाची प्रत, आणि टिपणीची पानं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. एवढ्यावर बहुतेक वेळा कागद मिळतात. दुसरं अपील आयोगाकडे जातं आणि तिथे बराच वेळ लागतो, म्हणून त्यावर पाठपुरावा टांगून ठेवू नका.

महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. ‘प्रभागाचा विकास करा’ अशी मागणी तिथे चालत नाही. ‘अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर कार्यवाही नाही’ अशी तक्रार चालू शकते. आवक क्रमांक इथेच कामी येतो.

बातम्यांसाठी मी तीनच जागा नियमित बघायला सांगेन: महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या सभांच्या विषयपत्रिका आणि गोषवारे, महाटेंडर्सवरच्या निविदा, आणि पेपरातल्या जाहीर सूचना. शेवटच्यांत विकास आराखड्यातल्या फेरबदलाच्या सूचना असतात. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या) कलम ३७ खाली हरकतीला एक महिना मिळतो. तुमच्या नाल्याशेजारच्या आरक्षणात बदल होत असेल तर तो महिना चुकला की पुढे बोलायला फारशी जागा उरत नाही. समाजमाध्यमांवरच्या फलकांच्या फोटोंवरून मी कुठलाच निष्कर्ष काढत नाही.

नवी मुंबईतल्या ज्या वाचकांना हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. टप्पे आणि कायदा तोच. तिथे आठ विभाग कार्यालयं आणि १११ नगरसेवक. धनी मात्र वेगळे: सिडको, टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी, सायन-पनवेल महामार्गावर सार्वजनिक बांधकाम खातं. पाणी साचण्याचं कारण धारण तलावात, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणाऱ्या तलावात, गाळ हे असेल तर तिथल्या खारफुटीमुळे उच्च न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो. त्या भागात ‘गाळ काढा’ असं पत्र पाठवण्याऐवजी ‘परवानगीचा प्रस्ताव कुठल्या तारखेला, कुणाकडे पाठवला’ असं विचारा.

शेवटी, काम खरंच सुरू झालं तेव्हाचं. कार्यादेशाची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. त्यात कामाची लांबी, मुदत आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदारानं दुरुस्त करून देण्याचा काळ, असतो. खोदकाम सुरू होताना फाटकाच्या उंबऱ्यापासून रस्त्याची पातळी मोजून अभियंत्यासमोर लिहून ठेवा, काम झाल्यावर परत मोजा. नवं गटार टाकताना त्याचा तळ पुढच्या नाल्याच्या तळापेक्षा वर आहे ना हे विचारा. तो खाली गेला तर गटारात कायम पाणी उभं राहतं आणि वर्षभरात गाळानं भरतं. झाकणं बसवण्याआधी आत शटरिंगच्या फळ्या आणि सिमेंटचा मलबा राहिलाय का ते पाहून फोटो घ्या, कारण नंतर ते दिसत नाही. डांबरी पट्टा करताना जुना थर खरवडल्याशिवाय काम सुरू झालं तर तिथेच उपअभियंत्याला फोन लावा. थर टाकून झाल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग होत नाही. आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख सोसायटीच्या कार्यालयात मोठ्या अक्षरांत लावा. त्या तारखेच्या तीन महिने आधी गटार उघडून बघा आणि जे खचलं, फुटलं, तुंबलं असेल त्याचं पत्र द्या. ठेकेदाराची अनामत महापालिकेकडे असते तोवर ती दुरुस्ती त्याला स्वतःच्या खर्चानं करावी लागते.